श्रीरंगच्या गोळ्या आणि अक्काची कबुली

कन्नड मुलखातल्या राजाजीनगरात श्रीरंगचं साड्यांचं दुकान आहे. माणूस पन्नाशीचा, बिनलग्नाचा, आणि भलता बोलघेवडा. त्याच्या गप्पांना हसता हसता बायका एकीच्या जागी दोन साड्या घेऊन जायच्या. एकदा वरच्या फळीवरचा गठ्ठा काढताना तो स्टुलावरून पडला. डॉक्टरांनी पाठीसाठी कडक गोळ्या दिल्या. पाठ बरी झाली, गोळ्या मात्र सुटल्या नाहीत. जवळचा केमिस्ट चिठ्ठी मागू लागला, तेव्हा श्रीरंगने लांबचे केमिस्ट हुडकले. त्यासाठी बाहेर पडला, की तो बसवनगुडीला देवदर्शनाला जातो असं घरी त्याच्या थोरल्या बहिणीला, तुंगाबाईंना, वाटायचं. शेजारपाजारी त्या त्याच्या भक्तीचं कौतुकही करायच्या.

एका दुपारी गिऱ्हाइकाला पैठणी उलगडून दाखवता दाखवता तो पैठणीवरच डोकं टेकून झोपला. बातमी घरी पोचली. तुंगाबाईंनी त्याचे खिसे उलटे केले, तशी गोळ्यांची पाकिटं पडली.

"पाठ स्वल्प दुखते गं अक्का."

"पाठ दुखते आणि हात पोटावर?"

तुंगाबाईंना लपवाछपवी जमत नसे. बाजारातून येताना त्यांनी रिक्षावाल्या मंजुनाथपाशी सगळं सांगून टाकलं. मंजुनाथ हसला नाही. जयनगरच्या ज्या व्यसनमुक्ती केंद्रात त्याची दारू सुटली, तिथे गोळ्यांवरही उपचार होतात, म्हणाला.

श्रीरंग यायला तयार होईना. शेवटी, "तुझ्या सोबतीला म्हणून येतो," या अटीवर तो रिक्षात बसला.

केंद्रातल्या डॉक्टर मेघाश्री जुन्या मराठी घरातल्याच निघाल्या. त्यांनी विचारलं, "पेशंट कोण?"

"ही," श्रीरंगने बहिणीकडे बोट केलं.

तुंगाबाईंनी पदर सावरला. "हो, मीच. साडीच्या दुकानात बसते. पाठीचं निमित्त करून गोळ्या खाते. परवा तर एका साध्या सुती साडीवर झोपले."

"पैठणी होती," श्रीरंग म्हणाला.

"गोळी नाही मिळाली की गिऱ्हाइकांवर खेकसते."

"खेकसत नाही हो डॉक्टर. घाम फुटतो, हातपाय ओढल्यासारखे होतात, मग बोलणं सुचत नाही. हिला काय माहीत..."

तो थांबला. डॉक्टरांनी शांतपणे खुर्ची त्याच्याकडे वळवली. "कधीपासून होतंय असं?"

श्रीरंगने मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. बाहेर पडताना तो म्हणाला, "अक्का, मला फार भीती वाटत होती गं." तिने नुसता त्याचा दंड धरला.

गोळ्या एकदम बंद करायच्या नव्हत्या. डॉक्टर सांगतील तशा कमी करायच्या होत्या. पाकिटं तुंगाबाईंच्या ताब्यात गेली. तरी ते दिवस वाईट गेले. झोप उडाली, चिडचिड वाढली, भाताला मीठ कमी म्हणून तो रडला. मध्येच एकदा तो लांबच्या केमिस्टकडे जाऊन आला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच डॉक्टरांपुढे जाऊन बसला. त्या रागावल्या नाहीत. "आलात ना, सरी, ठीक झालं. आता पुढचं बघू," म्हणाल्या.

आता गोळ्या सुटल्या आहेत. केंद्रातल्या गटाच्या बैठकीला तो दर आठवड्याला जातो. तिथे त्याला सगळ्यांत शेवटी बोलायला देतात. आधी दिलं, तर बाकीच्यांची पाळीच येत नाही.