बर्फात मीठ

थांबणं मला कधी जमलंच नाही. हिच्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची. आणि नोकरी मिळाली ती नेमकी थांबण्याची. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रत्नागिरीत एका डॉक्टरांच्या खासगी लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. रक्त-लघवीच्या रोजच्या तपासण्या मी भराभर उरकायचे. पण एका पावसाळ्यात डॉक्टरांनी मुंबईहून नवं किट मागवायचं ठरवलं आणि माझी परीक्षा सुरू झाली.

आतड्याच्या कर्करोगात रक्तात एक प्रथिन वाढतं, ते शोधणारं हे किट. त्यातली मोनोक्लोनल अँटिबॉडी सगळी एकाच पेशीच्या वंशातली, म्हणून हजार प्रथिनांतून नेमकं तेवढंच ओळखणारी. प्लास्टिकच्या ताटलीतल्या खळग्यांना ती आधीच लावलेली असे. रक्तातलं प्रथिन तिला चिकटलं की वरून कुपीतली दुसरी अँटिबॉडी घालायची. शेवटी पिवळा रंग येतो. प्रथिन जास्त तर रंग गडद, प्रथिन नसल्यात जमा तर रंगही नाही. प्रत्येक पायरीला तासभर थांबायचं. त्या तासात मी सगळी बाकं पुसून काढायचे.

किट यायच्या आधीच पहिलं नाव ठरलं होतं, माझ्या थोरल्या भावाचं. दादा मिरकरवाड्याच्या बंदरात मासेमारी ट्रॉलरचं इंजिन सांभाळायचा. आदल्या वर्षी मुंबईत त्याच्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. हे प्रथिन पुन्हा तपासा, कमी असेल तर खुशाल समुद्रावर जा, वाढलं असेल तर लगेच या, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. नारळी पौर्णिमा आठवड्यावर आली होती, बोटीचा मालक रोज निरोप धाडत होता. वर्षभर जमिनीवर बसून दादा चिडचिडा झाला होता, आणि चिडचिडेपणा हा आमच्या घरातला वारसाच.

किट एसटीने आलं त्याच सकाळी लाईट गेली. दुपार झाली तरी फ्रिज बंदच. डॉक्टर बाहेरगावी, आणि कुप्या तर थंडच ठेवायला हव्यात. मी दादाला बर्फासाठी निरोप धाडला, तसा तो भिजत सायकल मारत आला. मागे बर्फाची पेटी बांधलेली.

"घे गो, उद्यापर्यंत हलायचा नाय ह्यो बर्फ," तो म्हणाला.

मी कुप्या बर्फात खुपसल्या. संध्याकाळी लाईट आल्यावर घाईघाईत फ्रिजमध्ये हलवल्या. घाईत त्यांच्याकडे नीट बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दादा बाहेर बाकावर बसला आणि मी आत तपासणी लावली. जीव टांगणीला लागलेला. शेवटचं द्रावण घातलं, घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं. वेळ झाली. दादाच्या खळग्यात रंग नाही. पाण्यासारखं स्वच्छ! मी धावत दाराशी गेले.

"दादा, काही नाही! रंगच नाही!"

तो हसला. ऑपरेशननंतर तसा हसलाच नव्हता. सायकलवर टांग मारली आणि मालकाला सांगायला गेला.

मी परत आले तेव्हा ताटली नीट बघितली. कंपनीने एक नमुना मुद्दाम दिलेला असतो, त्यात ते प्रथिन भरपूर असतं. त्या खळग्यात पिवळा रंग यायलाच हवा. तोही स्वच्छ होता. तपासणीला कुठेच काही दिसत नव्हतं, म्हणजे तपासणीच आंधळी होती.

चपला घातल्या की नाही आठवत नाही. मिरकरवाड्यात पोचले तेव्हा दादा ट्रॉलरवर चढलाही होता, हात तेलाने माखलेले. मालक शेजारीच उभा. मी धक्क्यावरूनच ओरडून सांगितलं.

तो कठड्याशी आला. "म्हणजे माझ्यात काय नाय, की तुझ्या औषधात काय नाय?"

"ते कळत नाही."

तो हात पुसत खाली उतरला.

डॉक्टरांनी परत आल्यावर एकच विचारलं, कुपी गोठली होती का? बर्फात कशी गोठेल, म्हणून मी वाद घातला. मग घरी जाऊन दादाला विचारलं.

"मीठ टाकलेलं ना बर्फात," तो म्हणाला. "मासळीक टाकतो तसा. थंडी जास्त धरते."

खोक्यावर ठसठशीत लिहिलेलं होतं, गोठवू नये. गोठली की अँटिबॉडी निकामी. मी तोंडाचा पट्टा सोडला. मिठाने घात केलास म्हणाले, शहाणपणा कुणी सांगितला होता म्हणाले. खरं म्हणजे मला माझाच राग आला होता. मीठ त्याने घातलं, पण धावत जाऊन ते वाक्य मी बोलले होते.

नारळी पौर्णिमेनंतर ट्रॉलर गेला, दादाशिवाय. नव्या कुप्या यायला पंधरा दिवस लागले. एसटी स्टँडवर तो स्वतःच बर्फ घेऊन उभा राहिला आणि पेटी माझ्यापुढे धरली.

"मीठ नाय घातलंय. चाखून बघ."

मी खरंच एक खडा तोंडात टाकला. नुसतं पाणी.

या खेपेला मी आधी कंपनीचा खळगा बघितला. पिवळा. निरोगी नमुन्याचा खळगा बघितला. स्वच्छ. सगळं जसं हवं तसं. मग दादाचा बघितला. तो पिवळा होत होता, माझ्या डोळ्यांदेखत गडद होत होता. याने मीठ घातलं असतं तर, असं मला वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

दार चार पावलांवर होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मला कसलीही घाई नव्हती.

"काय गो," तो बाहेरून म्हणाला, "ह्या वेळी औषध चांगला हाय ना?"

"चांगलं आहे, दादा," मी म्हणाले. "औषध चांगलं आहे."