नॉर्वेची पोळी

हॅमिल्टनच्या सांस्कृतिक मेळ्यात आमच्या मराठी मंडळाचा पुरणपोळीचा स्टॉल होता. लेकीने तासभर माझ्याशेजारी उभं राहून लाटणं हातात धरावं, एवढीच माझी इच्छा. दहा वर्षांची झाली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. आणखी काही वर्षांनी आमचं म्हणून तिच्याकडे काय उरणार, या विचाराने माझा जीव खालीवर होतो. पाच मिनिटांत बाईसाहेब गायब!

सापडली ती नॉर्वेच्या स्टॉलवर. तिथे भरतकाम केलेल्या लोकरी पोशाखातल्या एक आजीबाई बटाट्याच्या पातळ पोळ्या करत होत्या. त्याला म्हणे लेफ्से म्हणतात. त्यांचे पणजोबा नॉर्वेहून या देशात जंगल तोडायला आले. भाषा केव्हाच गेली, पोळी तेवढी राहिली, असं त्या खुशाल हसत सांगत होत्या. आणि माझी लेक त्यांचं खाचाखाचांचं जाड लाटणं घेऊन मन लावून लाटत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अगं, आपल्या स्टॉलवर हेच तर चाललंय. चल ना."

"इट्स नॉट द सेम, मम," मान वर न करता ती म्हणाली.

तिची पोळी तव्यावर पडली. ती उलटायला आजीबाईंनी एक लांब, चपटी काठी दिली. लेक ती काठी पोळीखाली इतकी सावकाश सरकवत होती की मला राहवेना. "सर बाजूला, जळेल," म्हणत मी चिमटीत कड धरली आणि झटक्यात उलटली. रोज करते तशी. कणकेची असती तर उलटली असती. बटाट्याची ती, फाटून दोन तुकडे झाले.

आजीबाईंनी ते तुकडे बाजूला सारले आणि लेकीला विचारलं, घरी करतेस का गं असं?

"नो. मम सेज आय ॲम टू स्लो."

तक्रारीचा सूरसुद्धा नव्हता. ड्यूटीला निघायच्या घाईत "दे इकडे, उशीर होतोय" असं म्हणत मी तिच्या हातातून लाटणं किती वेळा ओढून घेतलंय! आणि मंडळात सांगत फिरते, मुलांना काही शिकायलाच नको.

आजीबाईंनी नवा गोळा तिच्यापुढे ठेवला. "टेक युअर टाइम, लव्ह."

मी हात मागे घेऊन उभी राहिले. या वेळी पोळी अख्खी उलटली. लेकीने आनंदाने वर पाहिलं, ते आजीबाईंकडे.