सगळ्यांना व्हय म्हणणारा पंचाक्षरी

पंचाक्षरी, तुझी मला शिसारी आली आहे. तोंडावर सांगितलं तर हसलास, म्हणून लिहिते.

तू कुंभारीचा. गावात भाऊबंदांचं भांडण मिटवायला तुला बोलावतात आणि तू दोघांनाही "तुमचंच खरं" सांगून दोन्हीकडचा चहा पिऊन येतोस. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात संगणक सांभाळायला आलास, तिथंही तेच.

मी नक्षी काढते मॅकवर. ऑफिसात विंडोज. मागाला नक्षी पाठवणारा संगणक लिनक्सचा, तो शिवूकडे. तिघांना फोल्डर एकच हवा. मी म्हटलं, "एसएमबी लाव. ती रीत तिन्ही यंत्रांना कळते. एकच दार, एकच कुलूप."

"व्हय बाई, बरोबर हाय."

मग शिवू म्हणाला, "लिनक्सला एनएफएसची रीतच बरी, लई पळतीय." त्यालाही व्हय! एकाच फोल्डरला दोन दारं केलीस. मालक चनमल्लप्पांनी विचारलं तर म्हणालास, "मालक, कुणाचं मन मोडलं न्हाय बगा." मन! सर्व्हर म्हणजे काय लग्नाची पंगत आहे, प्रत्येकाला आग्रह करायला?

व्हायचं तेच झालं. उन्हाळाभर डोळे फोडून काढलेली मोरांच्या काठाची फाइल मी उघडून बसले होते. दुसऱ्या कुणी बदल करू नये म्हणून एसएमबीनं माझ्या नावाचं कुलूप घातलेलं. एनएफएसच्या दारानं आलेल्या शिवूला ते दिसलंच नाही. त्यानं काठाची रुंदी बदलली, मी रंग बदलले, दोघांनी सेव्ह केलं. फाइल आता उघडतच नाही.

शिवू तणतणला, "बाई, तुमी ती उघडलीय ह्ये मला काय सपान पडतंय?" बरोबरच होतं त्याचं. तू मात्र आम्हां दोघांना वेगवेगळं गाठून "चूक त्येंचीच" म्हणालास. किळस आली ती तुझ्या या दुतोंडीपणाची.

जुनी प्रत एका बंद पडलेल्या डिस्कवर होती. ती सात रस्ता चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे पोचवायची, एवढंच काम तुला सांगितलं. आधी दुकान बंद होतं म्हणालास, मग गाडी पंक्चर. गिऱ्हाईक मोरांसाठी रोज फोन करतंय.

आज सकाळी पुन्हा विचारलं. "ह्यो निघालोच की बाई," म्हणालास, डिस्क टेबलावर ठेवलीस आणि मालकांच्या सुनेच्या मोबाइलला काच बसवायला गेलास.

डिस्क अजून तिथंच आहे.