कोऱ्या उत्तरांचा स्तंभ

गुरुवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर चौकटआत्या एका डोळ्याने दोन जिने कशी चढणार, हा विचार काही केल्या भावजयीच्या डोक्यातून जात नव्हता. नवऱ्याने केव्हाच हात झटकले होते.

"ताई म्हणाली ना, कुणी येऊ नका? टॅक्सीने जाईन, टॅक्सीने येईन म्हणाली. मग झालं तर!"

"अहो, पण पायऱ्या दिसायला नकोत?"

"मोजत चढेल. आयुष्यभर दुसरं केलंय काय तिने?"

चौकटआत्या ही त्याची थोरली बहीण. नाव मुलांनी ठेवलेलं, कारण तिच्या पिशवीत नेहमी चौकटींचे आलेखाचे कागद असायचे. आरोग्य कार्यालयाच्या पाहणी विभागात तिने बत्तीस वर्षं काढली. लोकांनी भरलेले फॉर्म तपासायचे, उत्तरांची वर्गवारी करायची आणि त्यांचे तक्ते, आलेख काढायचे. खोली अरुंद, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, टेबलावर खोडरबराचा चुरा. कार्यालयात संगणक आला तरी प्रत्येक आलेख आधी रंगीत पेन्सिलींनी काढून बघायची तिची सवय गेली नाही.

उत्तरांच्या जाती ती पोटच्या पोरांसारख्या ओळखायची. काही उत्तरं नुसती नावं असतात, जसा रक्तगट. काहींना पायऱ्या असतात: कमी दुखतं, जास्त दुखतं, फार दुखतं. आणि काही खरोखर मोजता येतात, जशी उंची. जात चुकली की आलेख चुकला. तिच्या नव्या साहेबांनी एकदा मुलं शाळेत कशी येतात याची चक्क सरासरी काढली. चालत येणाऱ्यांना एक, सायकलला दोन, बसला तीन असे आकडे फक्त ओळखीसाठी दिलेले. सरासरी आली दोन पूर्णांक तीन दशांश.

"म्हणजे साहेब," आत्या म्हणाली, "सगळी मुलं सायकलवर येतात आणि प्रत्येकाच्या कॅरिअरला थोडीशी बस बांधलेली असते."

साहेब चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

त्याच साहेबांच्या काळात शाळांची आरोग्य पाहणी झाली. परिचारिका फळ्यापाशी उभी राहून प्रश्न वाचायची आणि मुलं बाकावर बसून फॉर्म भरायची. फॉर्मवर नाव नव्हतं, फक्त वर्ग, हजेरी क्रमांक आणि बाकाची रांग. नववा, शेवटचा प्रश्न होता, बाई बोलतात ते तुला नीट ऐकू येतं का? चारशे बारा फॉर्मांपैकी एकतिसांवर ती जागा कोरी होती. साहेबांनी ते एकतीस बाजूला काढले आणि उरलेल्यांचं वर्तुळ काढायला सांगितलं. जवळजवळ सगळं वर्तुळ 'नीट ऐकू येतं'च्या हिरव्या रंगाचं.

"आणि या एकतीस जणांचा स्तंभ?" आत्याने विचारलं.

"कोऱ्या कागदाचा कसला आलाय स्तंभ?"

तिने तरीही काढला, करड्या पेन्सिलीने. मग ते एकतीस रांगेप्रमाणे लावले, तर बावीस शेवटच्या दोन रांगांतले निघाले. त्यातल्या एका फॉर्मवर साहेब खो खो हसले होते. 'घरात माणसं किती?' याचं उत्तर होतं, साडेनऊ. आत्याला हसू आलं नाही. त्याच्या पुढचा प्रश्न होता, रात्री किती वाजता झोपतेस? मुलीला एक प्रश्न ऐकूच आला नव्हता आणि तिची उत्तरं एक घर वर सरकली होती. हजेरी क्रमांकातला उलट्या खुर्चीसारखा चारचा आकडा आत्याच्या ओळखीचा होता. तिच्या भाचीचा, भावजयीच्या धाकटीचा.

त्याच संध्याकाळी आत्या भावाच्या घरी आली. धाकटी आठ वर्षांची. चार हाका मारल्याशिवाय ती ओ द्यायची नाही, आणि "कान कुठे असतात गं तुझे?" म्हणून आईचा रोज ओरडा खायची. आत्याने सगळं सरळ सांगितलं. भावजयीचा तोल सुटला.

"माझी मुलगी बहिरी आहे म्हणता, वन्सं? स्वतःला मूल नाही म्हणून दुसऱ्यांच्या मुलांत खोट शोधता?"

आत्याने कपातला चहा संपवला, पिशवी उचलली.

"तपासून घे गं तिला. मला शिव्या नंतर दे."

भावजय डॉक्टरांकडे गेली ती आत्याला खोटं पाडायला. डॉक्टरांनी दोन्ही कानांत पडद्यामागे साचलेलं पाणी दाखवलं. छोटंसं ऑपरेशन झालं आणि घरी येताना धाकटीने विचारलं, "आई, आपल्या चपला नेहमीच असा आवाज करतात?" भावजय रस्त्यातच थांबली होती. बोटं कानांत घालूनही जो हुंदका ऐकू गेला असता, तो तिने कसाबसा गिळला.

बाकीच्या तीसही मुलांना नंतर एकेक करून तपासलं. एकोणीस जणांच्या कानांत काही ना काही निघालं. अहवालात तो करडा स्तंभ छापून आला. खाली आत्याचं नाव नव्हतं, आणि तिने ते मागितलंही नाही.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. धाकटी आता तिसऱ्या खोलीतून फ्रीज उघडल्याचा आवाज ऐकते आणि "आई, गोड खाऊ नकोस हं!" म्हणून दटावते. प्रत्येक वेळी आईचं मन भरून येतं. आत्याचं येणंजाणं चालू राहिलं, चहा झाला, थट्टा झाली. ते वाक्य मात्र दोघींनी कधी काढलं नाही. एकीने मोठ्या मनाने. दुसरीने लाजेने. म्हणूनच "कुणी येऊ नका" म्हटल्यावर रागावून "येणारच!" म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. हक्क सांगायला तोंड कुठे होतं?

आणि तरी वन्संना हात धरायला कुणी नाही, हे तिला सहन होत नव्हतं. चष्मा लावूनही त्यांना परवा पेपरातले मथळे धड वाचता आले नव्हते.

भात उतरवून तिने गॅस बंद केला.

"कुणाला फोन?" नवऱ्याने टीव्हीसमोरून विचारलं.

"तुमच्या ताईंना."

"नको म्हणेल बघ."

"म्हणू देत." आधी माफी मागायची, मग आभार मानायचे, आणि मग विचारायचं नाहीच, गुरुवारी सकाळी सात वाजता दारात उभी असेन एवढं सांगून टाकायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं आणि नंबर लावला.