जिथं पाय थांबले तिथून

दरवर्षी सोयाबीन घरात आलं की आम्ही डोणगावची आठ-दहा माणसं माहूरच्या रेणुकामातेला पायी निघतो. परत आलो की माझ्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात नुसत्या वाटेवरच्याच गप्पा. मोटारी तशाच पडून! बायको म्हणते, तुम्ही चालता कमी आन् सांगता जास्त. खरं आहे. पण सांगितल्याशिवाय ते चालणं पचत नाही, त्याला मी काय करू?

*

ही वाट फारशी कुणी चालत नाही. ना मंडप, ना फुकटचा चहा. त्यामुळे लोकांना आम्ही भाविक वाटतच नाही. वाशीमच्या अलीकडे एक जीपवाला थांबला. गाडी कुठं बंद पडली, म्हणाला. पायीच चाललोय म्हटल्यावर त्यानं आम्हाला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काऊन? काय झालं?"

काही झालेलं नसतं, नुसतं चालायचं असतं. सुरुवातीला डोक्यात दुकानच चालू असतं. मग हळूहळू ते बंद होतं आणि फक्त पुढचं झाड दिसतं. बहुतेक तेवढ्यासाठीच मी जातो.

*

नियम एकच. पाय थांबले तर खुशाल गाडीत बसा, घरी जा. पण पुढच्या साली तिथूनच सुरू करायचं, आणि पायी पोचल्याशिवाय दर्शन नाही.

किराणावाले प्रल्हादभाऊ एकदा वाशीमकडच्या मालेगावच्या पुढे पाय सुजून बसले. पुढच्या वर्षी एसटीनं तिथं गेले. नुसतं रान आणि एक बाभूळ. कंडक्टर म्हणाला, "अठी स्टॉप नाही."

"तुमचा नसन. माहा हाये."

कंडक्टरनं बेल मारली.

*

पुसदजवळ एका शाळेच्या ओट्यावर मुक्काम होता. गावातल्या एका आजीनं पिठलं-भाकर आणली, आणि जाताना देवीला आपलं नाव सांगायला सांगितलं. मग शेजारणीही आल्या. गडावर प्रल्हादभाऊ डोळे मिटून नावं घेतच राहिले. शेवटी पुजाऱ्यानं विचारलं, बाकीची मंडळी कुठं आहेत?

"सैपाक करून राह्यल्या," भाऊ म्हणाले.

*

आमच्यातल्या विमलकाकू भाजीचा मळा करतात. शालिग्रामकाकांचं हार्टचं ऑपरेशन झालं तेव्हा काकूंनी नवस बोलला, माझा माणूस घरी आला तर पायी येईन. माणूस आला, पण काकूंचे गुडघे साथ देईनात. पहिल्या साली वाशीम, दुसऱ्या साली पुसद. काकांना ते पाहवेना. माझ्या जिवापायी हिचे पाय वाया चालले, म्हणायचे. जीपनं चल, देवीला समजते. काकू ऐकायच्या नाहीत.

यंदा पुसदहून काकाही सोबत आले. नियमात नव्हते, नुसते तिच्या सोबतीला. दोघं सगळ्यांच्या मागून, सावकाश. गडाच्या पायऱ्या लागल्या तशा काकू एकेका पायरीला हात टेकत चढल्या आणि देवळाच्या दारात पोचल्या.

तिथं काकूंनी वळून पाहिलं. काका निम्म्यात बसलेले. बरे होते, पण दम लागला होता, पुढं चढणं होईना. जा, दर्शन घे, अशी त्यांनी खालूनच खूण केली. आम्हीही म्हटलं, काकू, तीन सालांचं फिटलं, जा आत.

काकूंनी उंबऱ्याबाहेरूनच हात जोडले. आल्या तशा पायऱ्या उतरल्या, काकांच्या शेजारी बसल्या आणि पदरानं त्यांचा घाम पुसला.

"कोणती पायरी हाये, ध्यानात ठेवजा."