पाइप फुटला ती दुपार

केसांच्या रंगाची डबी उघडली की त्या झोंबऱ्या वासाने मला मालवणजवळचा कोळंबी सोलायचा कारखाना आठवतो. तिथे मी बायकांची मुकादम होते. एका दुपारी शीतगृहातला अमोनियाचा पाइप फुटला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तोंडावर ओले पदर धरायला लावून मी सगळ्या बायकांना बाहेर काढलं आणि वारा जिकडून येत होता तिकडे, लांब माडांखाली नेलं. शीतगृहाची यंत्रं सांभाळणाऱ्या मिस्त्रीला फोन केला, तेवढ्यात मालक धावत आले. "गो, आत सगळो माल कुजतलो! दोघींका धाड, क्रेट भायर काढूक." मी त्यांच्या वाटेत आडवी उभी राहिले. "शेट, मास्क घेवन मिस्त्री येयपर्यंत आत कोण जावचो नाय." "मगे उद्यापासून कामाक येव नको!" "नको तर नको. पण आज माझी एक पण बाई आत जावची नाय." खोकत खोकत बायका माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. मिस्त्रीने मास्क चढवून झडप बंद केली, तोवर कोळंबी वाया गेली होती. बायका सगळ्या धडधाकट होत्या. मालकांनी मला खरंच काढलं. नोकरी कशी सुटली, असं आजही कुणी विचारतं. सुटली नाही, मी हटले नाही म्हणून काढलं, असं मी ठणकावून सांगते.