स्थानिक भूल

"मॅडम, ही लोकल भूल आमाला नको. चांगली असंल ती द्या. न्हाय तर मिरजेस्नं मागवा."

सुजाताच्या सासूबाई माझ्या आणि खुर्चीच्या मध्ये उभ्या होत्या. खुर्चीत सुजाता. पाचवा महिना, डाव्या गालावर लिंबाएवढी सूज. दाढेच्या मुळाशी पू झाला होता. चार दिवस पोरीनं धड भाकरी चावली नव्हती. असा पू पसरला तर आईलाही धोका आणि बाळालाही.

"आक्का, लोकल भूल कोण म्हणालं तुम्हाला?"

"हितं लिवलंय की!" त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. "संकेश्वरातनं निघायच्या आदी सगळं वाचून आलोय आमी."

पान आमच्याच हॉस्पिटलच्या वेबसाइटचं होतं, गर्भारपणातल्या दातांच्या काळजीचं. 'स्थानिक भूल देऊन केलेले दंतोपचार द्वितीय तिमाहीत सुरक्षित असतात.' लिहिणारी मीच. अगं बाई!

लोकल अ‍ॅनेस्थेशियाला पुस्तकी मराठीत स्थानिक भूल म्हणतात. म्हणजे दाढेजवळची तेवढी जागा बधिर करायची. माणूस जागाच असतो. आक्कांनी स्थानिकचा अर्थ लावला गावठी, आणि भूल म्हणजे बेशुद्ध. गावठी औषध देऊन सुनेला झोपवणार, पोटातलं बाळही झोपणार. कुठली सासू हो म्हणेल?

"आक्का, झोपवत नाही मी. एवढीच जागा बधिर करते. सुजाता तुमच्याकडं बघत बसेल. बाळाला काही होत नाही."

"मग बधिर म्हणायचं की ओ! भूल कशाला लिवलंय?"

शेवटी सुजाताच सुजलेल्या तोंडानं सासूला म्हणाली, "आत्ती, लई दुखतंय. करू द्या त्यास्नी."

तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं. उजव्या कुशीखाली उशी दिली, म्हणजे पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येत नाही. इंजेक्शन दिलं, दाढ उघडली, पू काढला. आक्का सगळा वेळ सुनेचा पाय धरून उभ्या होत्या. दोन दिवसांनी दाखवायला आल्या तेव्हा सूज जवळजवळ गेली होती आणि सुजाता शेंगदाण्याचा लाडू खात होती.

पण ते पान मला टोचत राहिलं. वेबसाइटवाल्यांचा नियम होता, वाक्यं छोटी, शब्द छोटे. मी तो तंतोतंत पाळला होता. स्थानिक काय, भूल काय, छोटेच शब्द. शिवाय मी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबलेल्या बाईची लेक, घरातली पहिली डॉक्टर. शुद्ध लिहिता येतं हे दाखवायची मला जरा खोडच आहे. त्या खोडीपायी एक बाई पू घेऊन घरी परत जाणार होती.

मी पान नव्यानं लिहिलं. 'दाढेजवळची जागा बधिर करायचं इंजेक्शन देतो. तुम्ही जाग्या राहता. बाळाला धोका नाही. दुखत असेल तर कोणत्याही महिन्यात या, बाळंतपणापर्यंत थांबू नका.'

आमच्या मोठ्या सरांनी वाचलं आणि चष्मा काढला. "मॅडम, ही काय भाषा? हॉस्पिटलला शोभते? लोक म्हणतील, डॉक्टर शिकलेत का नाही."

"सर, जुनं पान घ्या आणि माझ्याबरोबर खाली चला."

खाली ओपीडीच्या बाकावर बायका बसल्या होत्या. सरांनी पहिलीला वाचायला दिलं. स्थानिक भूल म्हणजे काय?

"हितल्या हितंच झोपवत्यात, घरला सोडत न्हाईत," ती म्हणाली.

दुसरीनं बराच विचार केला. "भूल म्हंजी चूक न्हवं? भूलचूक म्हणतोय की आपण. स्थानिक भूल म्हंजी हितल्या डॉक्टरांची चूक."

सर लालबुंद. आमच्या वेबसाइटवर लिहिलं होतं की आम्ही चूक देऊन दात काढतो!

"आजच बदला," म्हणाले आणि जिना चढून गेले. मी मात्र नवं पानही त्याच बाकावर सहा जणींकडून वाचून घेतलं. 'कळलं का' असं विचारलं नाही, कारण त्यावर सगळेच व्हय म्हणतात. 'आता तुम्ही काय करणार' असं विचारलं. सहाही जणींनी बरोबर सांगितलं, मगच पान चढवलं.

नंतर एक दिवस जांबोटीची एक पोर आली. सहावा महिना, सोबत कुणी नाही. पहाटे चालत निघून बस गाठलेली. दाढ नुकतीच ठणकायला लागली होती, सूज अजून नव्हती.

"कुणी पाठवलं गं?"

"कोन न्हाय. सासू म्हनली, बाळंत झाल्यावर बघू. मग फोनवर तुमचं लिवल्यालं वाचून दावलं. दोनदा वाचायला लावलं त्यांनी. मग म्हनल्या, जा."

कीड साफ करून सिमेंट भरलं. वीस मिनिटं. पू व्हायच्या आधी आली होती ती! खरं सांगते, डिग्री हातात पडली त्या दिवशीही माझा ऊर इतका भरून आला नव्हता.

तेव्हापासून मी एक करते. लिहिलेलं बरोबर आहे का, ते डॉक्टरला विचारते. कळतंय का, ते जिची दाढ दुखतेय तिला.